भिंतीला उजेड देणारे अप्पा

कुणाच्याही खोलीत पाऊल टाकलं की अप्पा घरमालकाकडे बघायचेच नाहीत. आधी छताला लोंबणाऱ्या बल्बकडे बघायचे आणि हळहळून विचारायचे, "ह्येला कुणी फाशी दिलं?"

सत्तरच्या दशकात सांगलीला विजेच्या सामानाच्या दुकानात मी काउंटरला होतो आणि अप्पा आमच्याकडून माल नेणारे वायरमन. नाव सांगत नाही. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, तुम्हीही म्हणा. अंगानं आडवे, मिशा झुपकेदार आणि डोक्यात एकच वेड: लहान खोलीत मधोमध दिवा टांगायचा नाही. तो कोपऱ्यात घ्यायचा, त्याला पत्र्याची अर्धी टोपी घालायची आणि सगळा उजेड भिंतीवर सोडायचा. "भिंतीला उजेड द्या," ते म्हणत, "माणूस आपोआप दिसतंय."

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. आमची खोली एवढी प्रशस्त, की एकानं आळस द्यायचा तर दुसऱ्यानं बाहेर जाऊन उभं राहावं. अप्पांनी समोरच्या भिंतीला चुन्यात पिवडीचा पिवळा रंग कालवून हात मारला, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी केली आणि बटण दाबलं. भिंत मागं सरकली हो! खोटं सांगत नाही. बायको हरखून म्हणाली, "आता आणखी एक कपाट मावेल."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, जागा डोळ्याला दिली हाय. कपाटाला न्हाई."

पण या कलेला खरी मागणी होती ती मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांना. लष्करातली पोरं सुटीवर येत आणि सुटी संपायच्या आत मुलगी बघून, लग्न उरकून परत जात. पाहुणे दिवेलागणीला यायचे. त्याआधी अप्पांना निरोप जायचा. ते दिवा बसवत आणि मग तो पारखायला स्वतःच मुलीच्या पाटावर मांडी घालून बसत. डोक्यावर टॉवेलचा पदर, मान खाली, मिशा छातीवर. "बघा रं, दिसती का देखणी?" आतल्या खोलीत थरथरत बसलेली पोरगी फिसकन हसायची. निम्मं भय तिथंच जायचं. माझ्या मते दिव्यापेक्षा त्या हसण्यानंच जास्त लग्नं जुळवली.

पाटणच्या एका व्याह्यानं लग्नानंतर भर दुपारी तीच खोली बघितली आणि अप्पांना गाठलं. "आवं, त्या दिवशी खोली लय ऐसपैस हुती!"

"त्या दिवशी तुमी खुशीत हुता," अप्पा म्हणाले.

अप्पांना एकच मुलगी. आई लहानपणीच गेलेली. लेक बालवाडीत शिकवायची आणि बापासारखीच फटकन बोलायची. तिच्या उजव्या गालावर कोड होतं, कानापासून ओठाच्या कडेपर्यंत. गल्लीला त्याची सवय झाली होती. अप्पांना तर ते दिसतच नसावं, असं मला वाटायचं.

मग कराडकडचं एक स्थळ आलं. मध्यस्थानं 'गालावर थोडा डाग हाय' एवढंच सांगितलेलं. आता पंचाईत बघा. अप्पा जैन, पाहुणेही जैन. दिवस मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही, म्हणजे खाणंपिणं सगळं उन्हं असतानाच. गावभरच्या लेकींना दिव्याच्या उजेडात बसवणाऱ्या माणसाकडे पाहुणे येणार दुपारी चारला आणि खोलीची एकुलती एक खिडकी पश्चिमेला!

अप्पांनी खिडकीवर जाड पडदा ठोकला. भिंत पुन्हा रंगवली. भरदिवसा दिवा लावला. बशा फिरवायला मला बोलावलं होतं. पाहुणे यायच्या आधी अप्पा लेकीच्या पाटावर बसले. मी हसायच्या तयारीत होतो. पण त्यांनी टॉवेल डोक्यावर घेतला नाही. स्वतःच्या उजव्या गालावर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "हितं काय दिसतंय का रं?"

मी मागं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती.

पाहुणे आले. खोलीचं कौतुक झालं. ती पोह्यांचं ताट घेऊन आली, ताट खाली ठेवलं आणि सरळ खिडकीशी गेली. पडदा एका हातानं बाजूला सारला. चारचं ऊन धाडकन आत आलं. भिंतीवरचा उजेड त्यात कुठं गेला कळलंच नाही. ती पाट ओढून त्या उन्हात बसली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "आता विचारा, काय विचारायचं ते."

मुलाची आई पोह्यांकडे बघत राहिली. "उन्हं उतरायच्या आत घर गाठलं पायजे," म्हणत मंडळी उठली. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

बशा गोळा करता करता ती म्हणाली, "अप्पा, तुमास्नी बी मी झाकूनच ठेवावी वाटती व्हय?"

बल्बलासुद्धा टोमणा मारणारा माणूस. त्यानं उठून दिव्याचं बटण तेवढं बंद केलं.

त्यानंतर अप्पांनी बघण्याच्या कार्यक्रमाला दिवा बसवला नाही. तासगावहून निरोप आला तर म्हणाले, "मधोमध टांगा म्हणावं. काय वाईट दिसत न्हाई." एकदा दुकान रिकामं असताना काउंटरवर कोपर टेकून ते उभे राहिले. "गड्या, मी खोली मोठी करत हुतो. तिला वाटलं, मी तिला झाकतोय." मी मान हलवली. त्यांनी वायरचं वेटोळं उचललं, परत ठेवलं. "झाकतच हुतो रं."

ती रागावली बिगावली नाही. उन्हं असताना दोघं जेवायला बसत, ती त्यांना आग्रह करून वाढायची. फक्त त्या दिवसापासून ती घरात अशी बसू लागली, की उजवा गाल बापाला दिसू नये. त्यांना बघवत नाही म्हणून तेवढी सोय. अप्पांनी ते ओळखलं होतं. पण 'बघवतं गं मला' हे लेकीला सांगायचं कसं? आणि कुठल्या तोंडानं?

दोनेक वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं अप्पा मिरजेला दवाखान्यात पडले. मिशा तेवढ्या शिल्लक होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेजवळ स्टुलावर बसली होती, सवयीनं डावा गाल त्यांच्याकडे करून.

"हिकडनं ये," अप्पा म्हणाले.

तिला वाटलं, पाणी हवंय. ती भांडं घेऊन उठली.

"पानी न्हाई. त्या अंगाला बस. तोंड दिसू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग स्टूल उचललं आणि खाटेला वळसा घालून खिडकीशी बसली. उजवा गाल बापासमोर आला. पदर सावरायला हात वर गेला होता, तो तिनं खाली घेतला.

"लय दिस झालं," अप्पा म्हणाले, "बघितलंच न्हाई तुला."

मी चहा आणतो असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो. टपरीवर गर्दी होती, थोडा वेळ लागला. परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती, खिडकीचं ऊन गालावर घेऊन, जराही न हलता. बघणारं माणूस गेलं होतं.