शनिवारपर्यंतचे हेडमास्तर

मुलांनो, आपली खुर्ची दुसऱ्याला देऊन इतका खूश होणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात दुसरा झाला नसेल. कऱ्हाटीच्या पलीकडे एका लहान शाळेत हे गुरुजी हेडमास्तर होते, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तिथे दर सोमवारी हेडमास्तर बदलायचा. आठवडाभर शाळेतलं एकेक माणूस खुर्चीत बसायचं आणि गुरुजी त्याचं काम करायचे. रजा हवी असली तर त्या आठवड्याच्या हेडमास्तरकडे रीतसर अर्ज द्यायचे. एकदा सगळ्यांत धाकट्या बाईंनी त्यांची रजा नाकारली, तर हे गावभर कौतुक सांगत फिरले. म्हणायचे, "ज्याच्या हातात एकदा शाळा दिली, तो परत तिच्या तक्रारी सांगत न्हाय."

मी तेव्हा विस्तार अधिकारी. तपासणीला गेले, तर खुर्चीत खिचडी शिजवणाऱ्या मावशी!

"हेडमास्तर कुठं आहेत?"

"मीच की. शनिवारपर्यंत. बसा."

"आणि गुरुजी?"

"खिचडी ढवळत्यात. करपली न्हाय म्हंजे मिळवली."

"उठा आधी त्या खुर्चीतून!" मी सगळ्यांसमोर ओरडले. मावशी उठल्या, पदर सावरत बाहेर गेल्या. मी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : 'शाळेत नेतृत्वाचा पूर्ण अभाव.'

दुसऱ्याच दिवशी इंदापूरच्या प्रशिक्षणात मी तासभर शिकवलं, की नेतृत्व एकाच्या हाती न ठेवता सगळ्यांत वाटावं. फळ्यावर आकृतीही काढली. पहिल्या रांगेत बसून गुरुजी ती वहीत उतरवून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. मलाही काही कळलं नाही. त्या शेऱ्यावरून पुढे त्यांचं पद गेलं.

माझी चूक कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. गेल्या महिन्यात जळोचीला त्यांच्या घरी गेले. माफीची वाक्यं कागदावर क्रमाने लिहून नेली होती. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं.

"मॅडम, त्या आठवड्यात मी हेडमास्तर नव्हतोच. तुमचा शेरा मला कसा लागंल?" ते मनापासून हसले. मग कपात साखर ढवळत हळूच म्हणाले, "मावशीनं मात्र त्या दिवसापास्नं हापिसाचा उंबरा वलांडला न्हाय. पार रिटायर होईस्तोवर."

मी कागदाची घडी घातली. चहा संपवला आणि त्यांना मावशींच्या घरचा रस्ता विचारला.