मोकळे दिसलेले मैदान

'हरकत' हा शब्द आपण बहुधा नकारासह वापरतो: हरकत नाही. नगररचनेत मात्र तो एकटा उभा राहतो. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की आपल्या घरावर, गल्लीवर, मैदानावर काय रंगवले आहे ते नागरिक पाहतात आणि पटले नाही तर मुदतीत लेखी कळवतात. ती हरकत. तिला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला की सुनावणीही मिळते.

मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर नागपूरच्या आराखड्याच्या सुधारणेत या हरकतींचे गोषवारे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गोषवारे कपाटात गेले. किस्से माझ्याजवळ साचत राहिले. आता कुठेही बसलो, की कुणीतरी म्हणतेच, "सर, तो बाजारवाला सांगा."

तो शेवटी सांगेन. तोवर एवढे ध्यानात असू द्यावे: कळमन्याच्या वाटेवरचे एक मैदान मसुद्यात वाहनतळासाठी राखीव दाखवले होते, आणि त्याच मैदानावर दर शुक्रवारी कुंदाबाई भाजी विकत असत.

*

आमचे नगररचनाकार देवतळे साहेब. लोकांनी नुसते ऐकू नये, हात लावून सांगावे, असा त्यांचा आग्रह. एका प्रभागसभेत त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि टिकल्या वाटल्या: हिरवी बागेसाठी, काळी कचरा संकलन केंद्रासाठी.

अर्ध्या तासात हिरव्या टिकल्या ज्याच्या त्याच्या दारात आणि काळ्या शेजाऱ्याच्या. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या प्लॉटवर काळी टिकली लावताना समोरासमोर आले. धाकट्याचा हात अवघडून थांबला. आता सभा उधळणार, या भीतीने मी कागद आवरू लागलो.

थोरला शांतपणे म्हणाला, "लाव गा, लाव. मी तुह्या अंगणात दोन लावल्या."

*

सुनावणीच्या दालनात नकाशा भिंतीवर टांगलेला असे. एक निवृत्त लाइनमन आले. सारी उमर या शहराच्या खांबांवर गेलेली. पण स्वतःचे घर काही सापडेना. आमचे आरेखक भोयर मदतीला धावले. "काका, हे बघा, वर उत्तर आहे."

काकांनी वर पाहिले. वर पंखा होता.

"उत्तर वर नाई राहात बाबू. उत्तर कोराडीकडे राहाते."

भोयरांनी वाद घातला नाही. नकाशा काढला, फरशीवर पसरला आणि त्याची उत्तर शहराच्या उत्तरेला असलेल्या खऱ्या कोराडीकडे फिरवली. काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, गुडघ्यावर बसले आणि क्षणात घरावर बोट ठेवले. त्या दिवसापासून आमचा नकाशा फरशीवरच राहिला, आणि साहेबांसकट सगळे त्याच्यापाशी अनवाणी बसू लागले.

*

एका गृहस्थांची हरकत अशी: 'मसुदा पूर्ण वाचला. पसंत आहे.'

भोयरांनी विचारले, "मग काका, हे काहून देऊन राहिले?"

"नंबर पडू दे. उद्या लोक म्हणतीन, याले काही मालूमच नव्हतं."

नियमाने क्रमांक पडला, नियमाने सुनावणी लागली. गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून आले.

"काही म्हणायचे आहे?" साहेबांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"तुम्ही विचारलं नं. बस." आणि नमस्कार करून ते समाधानाने निघून गेले.

*

भोयरांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जमिनीचा वापर नोंदवताना ते घरबसल्या काही लिहीत नसत. प्रत्येक जागेवर पायी जात, दिसेल ते वहीत उतरवत आणि दिसेल तेवढेच उतरवत. कुंदाबाईंच्या मैदानापुढे त्यांची नोंद होती: 'मोकळी जागा. वापर नाही. दोन शेळ्या.' त्या नोंदीवरूनच तिथे वाहनतळ आला.

कुंदाबाईंची हरकत दोन ओळींची होती: 'आमची बाजाराची जागा आमाले राहू द्या. तिथं गाड्या उभ्या राहिल्या तर आमी कुठं उभं राहावं?' लोकांची वाक्ये मी गोषवाऱ्यात सरळ करून घेत असे. या दोन ओळी होत्या तशा उतरवल्या.

सुनावणीची तारीख नेमकी शुक्रवारची निघाली. बाजारातले बाकी कुणी दुकान सोडून येऊ शकले नाही. कुंदाबाई आपला ढीग शेजारणीच्या भरवशावर टाकून एकट्याच आल्या. पदराला कोथिंबिरीची काडी चिकटलेली होती.

साहेबांनी मैदानावर बोट ठेवले. "मावशी, इथे बाजार दिसत नाही. आमचा माणूस स्वतः जाऊन आला आहे. मोकळी जागा आहे म्हणतो. दोन शेळ्या होत्या फक्त."

"एक काळी, एक चितकबरी?"

भोयरांनी मान हलवली.

"माह्याच व्हय त्या." कुंदाबाईंनी नकाशावर तळवा टेकवला, मैदान त्याखाली झाकले गेले, आणि त्यांनी विचारले, "साहेब, हा नकाशा कोन्त्या वारचा हाय?"

ही गोष्ट आता शहरभर फिरते, आणि ऐकवणारे सगळे ती इथे संपवतात: साहेब निरुत्तर झाले, मान खाली घातली, दालनात हशा पिकला. मी तिथे हजर होतो. हशा पिकला नाही, आणि साहेब निरुत्तर तर मुळीच झाले नाहीत. त्यांनी भोयरांची वही मागून घेतली, पान शोधले, बोटाने ओळ धरली आणि उत्तर दिले, "मंगळवारचा."

मग उठून दाराशी गेले आणि पायांत चपला सरकवीत म्हणाले, "मावशी, आजचा बाजार किती वाजेपर्यंत असतो?"