सरांच्या आईचं पान

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, त्याच्या वेबसाइटवर चर्चेसाठी एक जागा होती. मुलं तिथं डाउट टाकायची, आम्ही उत्तरं द्यायचो. माझी उत्तरं लांबलचक, आकृत्यांसकट. खाली एखादं 'थँक्यू सर', तेही परीक्षेच्या तोंडावर. बायॉलॉजीचे सर कधीमधी दोन ओळी खरडायचे आणि खाली पोरांची जत्रा भरायची. माझ्या पोटात दुखायचं.

एकदा त्यांनी तिथंच आपल्या आईबद्दल लिहिलं. भूकंपात दगडामातीचं घर बसलं, आई त्यातच गेली, तिचा फोटोसुद्धा उरला नाही. मग कुठंकुठं पांगलेले त्यांच्या गावचे लोक त्या पानावर येऊन तिच्या आठवणी लिहू लागले. रेणापूरला दिलेल्या एका बाईनं लिहिलं, की सरांची आई जात्यावर बसली की लेकाचं नाव ओवीत घालायची. सरांना हे ठाऊकच नव्हतं. मी हदगावचा; आमच्या घरात भूकंपानं नुसती भांडी वाजवली होती. खोटं कशाला सांगू, मला त्या पानाचाही हेवा वाटला. रोज उघडून बघायचो, आज आणखी कोण आलं.

पुढं मालकांनी क्लास एका बाहेरच्या कंपनीला विकला. नवे लोक जुनी चर्चा पुसून टाकणार होते. "तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं. ठेवण्यासारखं तेवढं उतरवून घ्या," मालक मला म्हणाले. चार दिवस मिळाले. माझं एकूण एक उत्तर मी पेन ड्राइव्हवर घेतलं. ते पान आलं तेव्हा हात जरा थांबला. मग पुढं गेलो.

वेबसाइट बंद झाल्यावर सर माझ्या घरी आले. हातात स्पायरल केलेला प्रिंटचा जाडजूड गठ्ठा. आत माझीच उत्तरं, धडेवार लावलेली.

"तुम्ही सोताचं काय ठेवणार, म्हणून मी काढून ठेवलं," ते म्हणाले. "बाकीचं तुम्ही उतरवून घेताय असं मालक म्हणाले, म्हणजे ते तुमच्याकडं हायच. आईचं पान तेवढं द्या मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राहिलं, सर."

ते गठ्ठ्याच्या स्पायरलवरून बोट फिरवत बसले. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "ऱ्हातं हो घाईत."

मी वही ओढली आणि लिहायला बसलो. आधी त्यांचा मजकूर, मग खालचा एकेक निरोप, लिहिणाऱ्याच्या नावासकट. ओवीचं आलं तेव्हा सर खुर्ची जवळ घेऊन वाचू लागले. चौथं पान उलटताना त्यांनी विचारलं, "एवढं पाठ कसं काय हाय तुम्हाला?"

"जळत होतो, सर. रोज वाचायचो. आणि राहिलं म्हणालो ते खोटं. मुद्दाम सोडलं होतं."

त्यांनी वहीवरची नजर काढली नाही.

"पुढचं लिहा," एवढंच म्हणाले.