पाचव्या दारातली चाल

अडीच वर्षं मला एकही चाल सुचली नव्हती, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अंबाजोगाईत मी मुलींना पेटी शिकवतो आणि देवीच्या गाण्यांना चाली लावतो. रोज सकाळी आंघोळ करून पेटीसमोर बसायचो, भाता हलवायचो, आणि दोन ओळी वाजवल्या की कळायचं, ही तर माझीच जुनी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. मग मी पेटी पुसायला घ्यायचो. त्या अडीच वर्षांत माझ्या पेटीइतकी स्वच्छ पेटी अख्ख्या तालुक्यात नसेल. मार्गशीर्षातलं देवीचं नवरात्र तोंडावर आलं होतं. पौर्णिमेला देवळात माझ्या मुली नवं गाणं म्हणणार, असं मी मोठ्या तोंडानं कबूल करून बसलो होतो. मुली रोज विचारायच्या, "सर, चाल?" मी म्हणायचो, "पिकू द्या जरा."

कारण मला माहीत होतं, आणि तेच लिहायला आज हात जड होतोय. त्या नवरात्राच्या तीन वर्षं आधी देवळाच्या आवारात आराध्यांचा, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या बायांचा, मेळा बसला होता. त्यातल्या एका म्हातारीचं गाणं मी खांबाआड उभं राहून मोबाईलमध्ये भरून घेतलं. तिचं नाव विचारलं नाही. चेहराही धड पाहिला नाही. घरी येऊन त्या चालीवर दुसरे शब्द बसवले. तिच्या गाण्यात प्रत्येक ओळीत एका ठरावीक जागी एक विचित्र थांबा होता. मला वाटलं, न शिकलेली बाई, तालात चुकतेय. तो थांबा काढून मी चाल सरळ केली आणि खाली माझं नाव घातलं. गाणं मंडपामंडपांत वाजलं. शाल, नारळ, सत्कार, सगळं झालं. सत्कारात कुणीतरी विचारलं, चाल सुचली कशी? मी डोळे मिटून, हात जोडून म्हणालो, "पहाटे जगदंबेनंच कानात सांगितली." टाळ्या पडल्या. चोरी केली ती केली, वर साक्षीला देवीला उभं केलं. त्यानंतर सहा महिन्यांत पेटी मुकी झाली.

आमच्या घरी जोगव्याचं व्रत आहे. लेक लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा बायकोनं नवस बोलला होता. तेव्हापासून दर नवरात्रात ती परडी, म्हणजे देवीची बांबूची टोपली, हातात घेऊन पाच घरी जोगवा मागते. दारात देवीचं गाणं म्हणायचं, घरातल्या बाईनं परडीत मूठभर पीठ घालायचं, आणि पाचांतलं एकही घर चुकवायचं नाही, अशी रीत. त्या वर्षी तिचा पाय मोडला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती म्हणाली, "औंदा तुमी जावा." मी म्हणालो, "मी? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "शाल घेताना लाज न्हाई वाटली, अन् देवीच्या नावानं मागायला वाटती व्हय?" तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण नेम बरोबर लागला.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी घाटनांदूरची बस धरली. परडी पिशवीत लपवून नेली, इतका मी धीट. चार घरं कशीबशी झाली. प्रत्येक दारात एक ओळ पुटपुटायची, पीठ घ्यायचं आणि मान खाली घालून पुढं निघायचं. पाचव्यासाठी मी कडेच्या वस्तीत शिरलो, तर तिथं कुलपामागून कुलपं. ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या, घरंच्या घरं बंद. दोनची बस जवळ आली होती. मनात आलं, चार घरांचं पीठ पाच घरांचं म्हणून सांगायला असं काय लागतं? खोट्याची मला सवय होतीच. मी परत फिरलो, आणि कुठूनशी एक शेळी आली नि तिनं सरळ परडीत तोंड घातलं.

"हाऽड! हाऽड मेले!" करत एक म्हातारी धावत आली. त्या सगळ्या ओळीत तेवढं एकच दार उघडं होतं. शेळीला बाजूला ओढून तिनं परडीकडं पाहिलं. "जोगवा मागायलात का? मग मुकाट कावून उभे? म्हना की काहीतरी." मी तोंड उघडलं. दुसरं काही सुचेना म्हणून तोंडातून तीच चाल निघाली. म्हातारी दाराच्या चौकटीला टेकली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ही माझ्या मायची चाल हाय," ती म्हणाली. "तीन वर्सामागं तुमच्या देवळात म्हनली होती मी. मग सुनेनं मोबाईलवर तुमचं गानं ऐकवलं, तुमचा फोटू बी होता तिथं. माय मेली, पर तिचं गानं लई लांब गेलं म्हनून बरं वाटलं बगा. एक जागा तेवढी मोडलीत तुमी."

"कुठली, मावशी?"

"आमी थांबतो की जिथं. तिथं कोयता पडतो. मायनं ऊस तोडता तोडता बांधलेलं गानं हाय ते. वाकायचं, धरायचं, कोयता घालायचा. तिथं तोंड आपसूक मिटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी अडाण्याची चूक समजलो, तो एका बाईचा श्वास होता. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, देवीच्या नावावर खपवलेलं खोटंसुद्धा. ती म्हणाली, "देवीचं नाव घ्यायला नको होतं. माझं जाऊ द्या. मागितली असती तर मी न्हाई म्हनले असते का? धरा परडी. आता मागा."

मी परडी पुढं केली. "मावशी, चालीचा जोगवा वाढा," एवढंच कसंबसं म्हणालो. चौकटीवर हातानं ठेका धरून तिनं अख्खं गाणं म्हटलं, कोयत्याच्या जागेवर थांबत थांबत. मग परडीत पीठ घातलं. दोनची बस कधीच गेली होती. पुढच्या बसमध्ये कागद काढून मी पौर्णिमेसाठी लिहिलं, 'चाल: पारंपरिक'. पाहिलं आणि स्वतःचीच किळस आली, कारण निघताना ती म्हणाली होती, "मायला नाव होतं. गयाबाई." मी खाडाखोड करून ते नाव लिहिलं.

पौर्णिमेला मुली गयाबाईंचंच गाणं गायल्या, थांब्यासकट. त्याआधी भर देवळात मी सगळं कबूल केलं. टाळी एकही पडली नाही. ज्यांनी शाल दिली होती, ते गृहस्थ नंतर बाहेर दिसले, पण मला पाहताच चपला शोधण्यात फार गढून गेले. बायकोनं घरी शालीची घडी कपाटाच्या तळाशी घातली. मोबाईलवरच्या गाण्याखाली आता गयाबाईंचं नाव आहे. मला ते वाचताना अजून लाज वाटते, आणि ती वाटत राहावी अशीच माझी देवीकडे मागणी आहे. तिनं हे केलं, तिनं ते केलं, असं म्हणायचा हक्क मी गमावलाय. त्या वस्तीतली माणसं पोटासाठी गेली होती, माझ्यासाठी नव्हे. पण एवढ्या बंद दारांत उघडं राहिलेलं एकच दार माझ्या वाट्याला आलं, यासाठी रोज हात जोडतो. मागणाऱ्याचा हात उताणा असतो, त्यानं ओरबाडता येत नाही, हे मी पन्नाशीत शिकलो.

चैत्रात, भाजी निवडताना, एक चाल सुचली. मी ती कुणालाही न ऐकवता घाटनांदूरला गेलो. वाटभर मनात एकच, पुन्हा कुणाची तर नसेल? मावशी अंगणात बसल्या होत्या. शेळीनं मला ओळखलं असावं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्यातली न्हाई ही. तुमचीच हाय. पर मधीच थांबता कावून? तुमी तर ऊस तोडत न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, तिथं माझी मान खाली जाते."

त्या उठून आत गेल्या आणि मूठभर पीठ घेऊन आल्या.