पुसलेला तुकडा

"मॅडमना जिकडेतिकडे कॅन्सरच दिसतो."

पार्टिशनपलीकडून सरांचा आवाज आला. सर म्हणजे आमच्या शिरूरच्या लॅबला पेशंट पाठवणारे युरोसर्जन. लॅबचा मालक हसला. मी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं नाही.

स्लाइड राहू गावच्या आप्पांची होती. सणसवाडीच्या एका कंपनीत पेंटशॉपला आयुष्य गेलेलं. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून सब्जा पाजला. शेवटी सरांनी दुर्बिणीतून पाहिलं. मूत्राशयात लालसर चट्टा दिसला. तिथला तुकडा त्यांनी बायोप्सीसाठी माझ्याकडे पाठवला.

मूत्राशयाला आतून पेशींचं अस्तर असतं. सुरुवातीचा कॅन्सर कधी गाठीसारखा वाढतो, तो सर्जनला दिसतो. कधी अस्तरातच सपाट पसरतो. त्याला आम्ही सीआयएस म्हणतो. वरून साध्या सुजेसारखा दिसतो, पण असतो वाईट. वेळेत कळला तर मूत्राशय वाचू शकतं. खालच्या स्नायूत उतरला तर बहुतेकदा ते काढावं लागतं.

आप्पांच्या तुकड्यावर अस्तरच नव्हतं. एका खोल घडीत तेवढ्या थोड्या पेशी उरल्या होत्या. त्यांची केंद्रकं मोठी, काळी, वेडीवाकडी. एवढ्यावर ठाम निदान होत नव्हतं, आणि सोडूनही देता येत नव्हतं. मी रिपोर्ट अडवून दुसरा तुकडा मागितला होता. सर त्यासाठीच आले होते.

ते आत डोकावले. "डॉक्टर, सूज लिहून मोकळ्या व्हा. पेशंट परत टेबलवर घेतला तर नातेवाईक मला विचारणार, पहिल्यांदा काय केलंत?"

"सर, अस्तर नाहीये."

"नसतं कधीकधी."

तेही खरं होतं. या पेशी आपोआपही गळतात. मी उठून बाहेर आले.

बाहेर बाकावर आप्पा आणि त्यांची मुलगी मंगलताई रिपोर्टसाठी बसले होते.

"मॅडम, एवढुसा तर तुकडा," मंगलताई म्हणाल्या. "किती बघायचा? मला दावला की सिस्टरनी."

"कसा दाखवला?"

"आधी रगात व्हतं त्याला. सर म्हणले, नीट दाव त्यास्नी. मग नळाखाली धरला आन् गॉजनं पुसला. लख्ख!"

"घरची शेगडी कवा अशी पुसली न्हाई हिनं," आप्पा म्हणाले.

मला हसू आलं नाही. काढलेली वस्तू नातेवाईकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. नाही दाखवली तर लोकांना वाटतं, काढलंच नाही. मुतखडा पुसला तर काही बिघडत नाही. पण इथे मला जे वाचायचं होतं तेच नळाखाली धुऊन, घासून टाकलं होतं. आणि वर सर मलाच सांगत होते, सूज लिहा.

आत जाऊन मी रिपोर्ट लिहिला. अस्तर नाही. कॅन्सरचा संशय. पुन्हा बायोप्सी हवी, तुकडा न धुता, न पुसता थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकावा. फॉर्मॅलिन म्हणजे तुकडा टिकवणारा द्रव. लिहिताना पेन कागदात रुतत होतं.

"सर नाराज झाले तर सगळं काम पुण्याला जाईल," मालक म्हणाला.

मी सही केली.

दुसरा तुकडा तसाच्या तसा आला. अस्तर जागेवर होतं, आणि त्यात सीआयएस होता, शंकेला जागा नाही असा. स्नायूपर्यंत पोचला नव्हता. नळीने मूत्राशयात औषध सोडून उपचार करायचं ठरलं.

रिपोर्ट न्यायला सर स्वतः आले. बाकावर आप्पा, मंगलताई. सर मोठ्याने म्हणाले, "नशीबवान आहात, आप्पा. पहिल्या तुकड्यात नव्हता, मी दुसरा घेतला म्हणून सापडला."

मंगलताईंनी त्यांना हात जोडले. ते हात मला बघवेनात.

"पहिल्या तुकड्यातही होता, सर," मी म्हणाले. "तो तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पुसून गॉजबरोबर कचऱ्यात टाकला. यापुढे तुकडा दाखवायचा असेल तर फॉर्मॅलिनच्या बाटलीतून दाखवा."