युरोपच्या पाहुण्यासाठी झाडलेला कॅम्प

आमच्या कंपनीचं ऑफिस दुबईतल्या देऱ्यात, सिमेंटचे ब्लॉक बनवायचा कारखाना आणि कामगारांचा कॅम्प जवळच्या अजमानला, आणि मालक युरोपात. दोन हजार सालानंतर या मालकांना एकाएकी पर्यावरणाची आणि माणसांची काळजी वाटू लागली. दरवर्षी एक गुळगुळीत रिपोर्ट छापायचा: वीज किती जाळली, पाणी किती वापरलं, अपघात किती झाले, कामगार कसे राहतात. हे आकडे गोळा करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी खरं तर खरेदी विभागातली. पण इंग्रजी बरं आणि तोंड त्याहून बरं, म्हणून मला पुढे केलं असावं.

काम मला आवडलं. अल नहदा भागातल्या माझ्या फ्लॅटमधून निघाले की वाट वाकडी करून अधूनमधून कॅम्पवर जायचे. तिथे राजापूर-लांज्याकडचे बरेच जण होते, आणि मराठी बोलणारी बाई आली की चहा झाल्याशिवाय सोडायचे नाहीत.

कॅम्पला पाणी टँकरने यायचं. रोज दोन टँकर येत, ते आमच्या अॅडमिन मॅनेजरने एकावर आणले. तेव्हापासून नळाला पाणी फक्त संध्याकाळी, तेही थोडा वेळ. मग कोकणातल्या मंडळींनी गावाकडची रीत लावली. सकाळी बसमध्ये चढण्याआधी प्रत्येकाने आपला डबा नळापाशी रांगेत ठेवून जायचं. तेलाचे रिकामे डबे, कुणावर रंगाचा पट्टा, कुणावर गावाचं नाव. संध्याकाळी त्याच क्रमाने भरायचे. डबा पुढे सरकवल्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. पण दिवसभर अंगावर बसलेलं सिमेंट एका डब्यात निघत नाही. बहुतेकांच्या मानेवर आणि काखेत चट्टे उठले होते, आणि रात्री खाजवून खाजवून त्यांची झोप होत नव्हती.

रिपोर्टमध्ये हीच गोष्ट ‘माणशी पाणीवापरात मोठी घट’ म्हणून झळकणार होती. आकडा मीच काढला होता. टँकरच्या पावत्यांशी तो तंतोतंत जुळत होता, आणि तरी तो बघून माझं डोकं फिरत होतं. मॅनेजरकडे गेले, तर तो म्हणाला, “मॅडम, सेव्हिंग हो रहा है, हेड ऑफिस खुश है. आपको क्या प्रॉब्लेम है? खलास.”

त्या वर्षी आकड्यांची पडताळणी करायला पहिल्यांदाच बाहेरचा माणूस यायचा होता, युरोपातून. त्याच्या कार्यक्रमात फक्त ऑफिस आणि कारखाना होता. माणशी आकडा तपासायचा तर माणसं राहतात ती जागा बघायला हवी, असं सांगून मी कॅम्प त्यात घालून घेतला. मला काही बोलायची गरजच नव्हती. ती डब्यांची रांग बघून कुणीही विचारलंच असतं, हे काय आहे म्हणून. मग दुसरा टँकर कोण अडवतो ते बघू, असा माझा हिशेब होता.

आम्ही पोचलो, तर अंगण झाडून लख्ख, वर पाणी शिंपडलेलं. नळापाशी एकही डबा नाही.

फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पन्नाशीचा, राजापूरकडचा. त्याने पाहुण्याला खुर्ची दिली, केळी दिली आणि आतून एक भरलेला डबा आणून त्याच्या हातांवर पाणी घातलं. पाहुण्याने साबण लावून निवांत कोपरापर्यंत हात धुतले. मी ते वाहून जाणारं पाणी बघत राहिले.

“पाणी पुरतं का, विचारा त्यांना,” पाहुणा मला म्हणाला.

“इनफ सर. नो प्रॉब्लेम,” फोरमनने परस्पर उत्तर दिलं.

“अहो काका, डबे कुठे गेले?” मी मराठीत विचारलं.

“आत ठेवलेत पलंगाखाली. सुपरवायझर बोलला, युरोपवरून मेहमान येतोय. मग तो पसारा काय दाखवायचा, मॅडम?”

“तोच तर दाखवायचा होता! घाबरलात का मॅनेजरला?”

“घाबरायचं काय त्यात? पहिल्यांदा आपल्या दारात आलाय माणूस. त्याच्यापुढे रडगाणं गायचं का?”

मला त्याचा इतका राग आला की मी चहा तसाच ठेवला. परतताना गाडीत मी पाहुण्याला टँकरचं, डब्यांचं, चट्ट्यांचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“म्हणजे आकडा खोटा आहे?”

“नाही. आकडा खरा आहे.”

“मग मी काय लिहू? मी त्यांनाच विचारलं, ते पुरतं म्हणाले. डब्यांची रांग मला दिसली नाही.”



रिपोर्ट छापून आला. पाण्याच्या पानावर कॅम्पच्या अंगणाचा फोटो होता, मध्ये फोरमन आणि भोवती हसणारी मंडळी. खाली लिहिलं होतं, कामगारांच्या जागरूकतेमुळे पाण्याची बचत, आकडे तपासलेले. ते पान कॅम्पवर दाखवलं, तर सगळे खूश झाले. गावी पाठवायला फोटो हवा म्हणाले. मी ऑफिसच्या मशीनवर प्रत्येकासाठी रंगीत प्रत काढली आणि कॅम्पवर नेऊन दिली. फोरमनने ती घ्यायला हात पुढे केला, तेव्हा बाहीखाली कोपरापर्यंत चट्टे दिसले.