पिकअपचा कौल

मला शहर आवडलं म्हणून मी गावी परत गेलो नाही, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. अंबरनाथला कोणी शहर म्हणत असेल तर म्हणो बापडं. पन्नास सालच्या आसपास मी तिथे होतो तेव्हा एका अंगाला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि मधे आमची चाळ होती. एका खोलीत आम्ही सातजण कोकणातले, आपापल्या ट्रंकेला कुलूप लावून राहत होतो. मला ती खोली पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि शेवटच्या दिवसापर्यंतही नाही. मी कारखान्यात लेथवर उभा असायचो आणि इथून परत कधी जायचं, हेच डोक्यात असायचं.

परत जायचं तर तिथे पोटापाण्याचं काही हवं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. मोटार यायची ती बाजाराच्या गावापर्यंत. तिथून आमच्यापर्यंत सात मैल बैलगाडीचा रस्ता होता, पण बैलगाड्या होत्या दोन. बाकी सगळं डोक्यावर. नारळ डोक्यावर, सुकी मासळी डोक्यावर, आणि माणूस आजारी पडला तर तो डोलीत. माझी आई अशीच डोलीतून जाताना चौथ्या मैलावर गेली. त्या रस्त्यावर आपली स्वतःची एक मोटार चालवायची, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मोटार कुठून आणायची ते मात्र ठरवलेलं नव्हतं.

ती मला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये दिसली. लष्कर गेलं, त्याच्या बराकी राहिल्या, आणि त्या बराकींत सिंधी निर्वासित गोणपाटाचे पडदे लावून राहायला आले. एका रविवारी मी तिथे स्वस्तातली चप्पल घ्यायला गेलो होतो. बराकीच्या मागे लढाईतली एक पिकअप विटांवर बसलेली होती. टायर नाहीत, काच नाही, मागच्या हौद्यात कोंबड्या. मी बॉनेट उघडून वाकून बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "साईं, मुर्गी लेनी है या गाड़ी?"

तो माणूस पन्नाशीचा असेल. सिंधमध्ये त्याचं मोटार दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप होतं, असं तो म्हणायचा. तिथे सगळ्यांचंच काही ना काही मोठं होतं, त्यामुळे मी आधी विश्वास ठेवला नाही. पण त्याने ठेवणीतली हत्यारं दाखवली. गाव सोडताना लोकांनी सोनं आणलं, याने पान्यांची पेटी आणली. बायकोने त्याला त्यापायी कधी क्षमा केली नाही. ही पिकअप त्याने भंगार म्हणून घेतली होती, पण जे भाग झिजले होते ते बाजारात मिळत नव्हते. मी लेथवाला. आमचं तिथेच ठरलं. मी भाग बनवायचे, त्याने गाडी उभी करायची, आणि गाडी दोघांची. मी त्याला दादा म्हणू लागलो. सिंधीतही वडीलधाऱ्याला दादाच म्हणतात.

पुढची तीन वर्षं माझे सगळे रविवार त्या बराकीमागे गेले. खोलीतले बाकीचे सहाजण भजन करायचे, पत्ते खेळायचे, मुंबईला जाऊन नातेवाइकांच्या घरी जेवायचे. त्यांच्या लेखी मी वाया गेलेला होतो.

इंजिन गंजून गच्च झालं होतं. माझ्या हाताला घाई. मी हँडल घालून जोर लावायला लागलो तर दादाने माझ्या मनगटावर पाना मारला. खरंच मारला, हळू नव्हे. मग त्याने चारी प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतलं आणि म्हणाला, "अब पंद्रह दिन कोई हाथ नहीं लगाएगा." पंधरा दिवसांनी गेलो तर आणखी पंधरा दिवस. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याने नुसत्या तळहाताने हँडल दाबलं आणि ते पाव फेरा फिरलं. तो आत जाऊन बायकोला चहा करायला सांगून आला.

व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसावेत म्हणून ते घासायचं काम माझ्याकडे असे. काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवून, पेस्ट लावून, दोन्ही तळव्यांत ती काठी घुसळत राहायची, रवीने ताक करावं तशी. दादा बोट फिरवून बघायचा आणि मान हलवायचा. पुन्हा घुसळ. बुश, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या झिजक्या नळ्या, मी कारखान्यातल्या फोरमनला सांगून, जेवणाच्या सुट्टीत, भंगारातल्या पितळेतून काढले. हौद्याच्या फळ्या बदलापूरच्या एका शेतकऱ्याने दिल्या. त्याच्याकडे मोडक्या बैलगाडीचं साटं, म्हणजे वरचा लाकडी सांगाडा, पडून होतं. त्याची अट एकच, गाडी चालू झाली की त्याच्या म्हातारीला एकदा तीत बसवायचं.

गाडी चालू झाली त्रेपन्न साली. कॅम्पाबाहेरच्या माळावर मी ती चालवायला शिकलो आणि लायसन काढलं. मग एका रविवारी बदलापूरला जाऊन म्हातारीला पुढच्या सीटवर बसवून गावाला एक फेरी मारली. म्हातारी दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसली होती. खाली उतरताना तिने विचारलं, "पोरा, हिला काय घालता खायला?" मी आयुष्यात इतका सुखी पुन्हा झालो नाही, आणि हे मी कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

दादाने तेव्हाच सांगितलं, "तू ले जा. अपने मुलुक में चला. मेरा मुलुक तो गया, तेरा तो है." निम्मा वाटा म्हणून मी त्याला काय द्यायचं, हेही त्याने माझ्यावर सोडलं. मला फक्त नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि कोल्हापूरवरून घाट उतरून घरी जायचं होतं.

इथे मी माती खाल्ली. कोकणाबाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. विहीर खणायची, सोयरिक करायची, गुरं विकायची, काहीही असो, ग्रामदैवतापुढे जायचं. गुरव मूर्तीच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी गळली तर देवाची परवानगी, डावी गळली तर काम सोडायचं. याला कौल म्हणतात. मी वडिलांना पत्र लिहिलं: गाडी तयार आहे, नोकरी सोडून येतो, देवाला कौल लावा आणि कळवा.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो पान्याला फडकं लावत होता. तो म्हणाला, "तीन साल इंजन से पूछा, अब फूल से पूछेगा?"

मी चिडलो. तुम्हाला आमचं कळायचं नाही, असं काहीतरी बोललो. तो पुन्हा पाना पुसायला लागला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्र माझ्या धाकट्या बहिणीच्या अक्षरात होतं. वडिलांना लिहिता येत नव्हतं. तिला मीच शिकवलं होतं, पडवीत राख पसरून, तिचं बोट धरून. पत्रात सगळ्यांची खुशाली होती, म्हैस व्यायल्याचं होतं, आणि मग एक ओळ होती. देवाला विचारलं, कौल डावा आला, तरी तू नोकरी सोडू नये. वडिलांच्या तोंडून हे ऐकलं असतं तर मी एखादे वेळी शंका घेतली असती. तिच्या अक्षरावर घेतली नाही.

पुढच्या रविवारी मी दादाला जाऊन सांगितलं की गाडी तुम्हीच ठेवा. त्याने कारण विचारलं नाही. "डर गया," एवढंच म्हणाला, आणि मी त्याच्याशी बोलणं सोडलं. मग त्याने गाडी धंद्याला लावली. बदलापूरची भाजी कल्याणला, कॅम्पातले पापड आणि कापडाचे तागे इकडेतिकडे. आठवड्यातून तीनदा तरी ती आमच्या कारखान्याच्या फाटकावरून जायची. इंजिनचा आवाज मला आत लेथवर कळायचा. तिसऱ्या व्हॉल्व्हचा बारीक टकटक आवाज मला शेवटपर्यंत काढता आला नव्हता, तोही ऐकू यायचा.

त्याच वर्षी बहिणीचं लग्न झालं. मी रजा काढून बोटीने गेलो, अक्षता टाकल्या आणि परत आलो. पुढे माझंही झालं. बायको अंबरनाथला आली, वेगळी खोली घेतली, मुलगी झाली.

चार वर्षांनी वडील गेले. दिवसकार्याला मी गावी होतो. तेराव्याच्या दुपारी माणसं उठून गेल्यावर मी देवळात गेलो. गुरव म्हातारा झाला होता. मला बघून तो म्हणाला, "गाडी खंय तुजी? देवान इतक्या झटक्यान कधी कोणाक कौल दिल्यान नाय. हात काडूच्या आदी उजवी गळली."

मी घरी आलो. बहीण मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिला नुसतं विचारलं, कौल कुठला पडला होता? तिने मान वर केली नाही.

"उजवो," ती म्हणाली. "बाबांनी सांगल्यानी तसा मी लिवलंय. माजी सोयरिक जमत हुती. तेंका पक्क्या नोकरीवाल्या भावाची भैण व्हयी हुती. डायवराची नको हुती."

मग हातातलं पातेलं पालथं घालून म्हणाली, "चार वर्सां झाली रे, माका झोप लागना नाय."

मी तिला काहीतरी बरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, पडवीतली राख वाया गेली. हे बोलायला नको होतं, पण बोललो, आणि मला त्याचा आजही पुरता पश्चात्ताप होत नाही. ती रडली. मी उभा राहून बघितलं आणि दुसऱ्या दिवशीची बोट धरली.

अंबरनाथला उतरलो तो घरी न जाता सरळ कॅम्प पाचला गेलो. दादा गाडीखाली होता. पाय ओळखून मी हाक मारली. तो बाहेर आला, तेलकट हात पुसले, आणि चार वर्षांचा अबोला नव्हताच असं दाखवत त्याने माझ्यासाठी खोकं पुढे सरकवलं. मी त्याला सगळं सांगितलं. वडिलांचं, गुरवाचं, बहिणीचं. तो ऐकत होता. मला वाटत होतं तो वडिलांना शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो.

तो म्हणाला, "तो चल. टंकी भरता हूँ. सोमवार को निकलते हैं. गाड़ी वही है, रास्ता वही है, और तेरे भगवान ने तो कब का हाँ बोला है."

गाडी समोरच होती. नवा हिरवा रंग, बदलापूरच्या साट्याच्या फळ्या अजून तशाच. बहिणीचं लग्न होऊन गेलेलं. वडील नाहीत. मला अडवणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

मी म्हणालो, कारखान्यात विचारून सांगतो.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग तो पाठीवर झोपला आणि पाना घेऊन परत गाडीखाली सरकला. मी चार वाजेपर्यंत त्या खोक्यावर बसून होतो. कारखान्यात मी कधीच विचारलं नाही. तीस वर्षं नोकरी करून त्याच कारखान्यातून निवृत्त झालो.